मेन क्लॉज कोणता, सबऑर्डिनेट कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीची मुलं, त्यांचे पालक, एमपीएससीची तयारी करणारे आणि अधूनमधून इंग्रजी शिकवणारे शिक्षकही जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. इंग्रजीतल्या मुख्य वाक्याला मेन क्लॉज म्हणतात आणि त्यावर टेकलेल्या गौण वाक्याला सबऑर्डिनेट क्लॉज. एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत आली असेल तर ती एकदाच घेतली आहे. उत्तराचा काही भाग दुसरीकडे असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत. डोळ्यांना जरा वेगळी वाटतील, मोठ्यानं वाचा म्हणजे लगेच ओळखीची होतील.

१. क्लॉज म्हणजे नेमकं काय? फ्रेजपेक्षा तो वेगळा कसा?

क्लॉजला स्वतःचा कर्ता असतो आणि त्या कर्त्याशी जुळणारं, काळ दाखवणारं क्रियापद असतं. फ्रेजमध्ये असं क्रियापद नसतं. 'आफ्टर द मॅच' ही फ्रेज. 'आफ्टर द मॅच एन्डेड' हा क्लॉज. पहिला शब्द दोन्हीकडे तोच आहे. म्हणून 'आफ्टर दिसलं की सबऑर्डिनेट क्लॉज' असं पाठ करणारे हमखास फसतात. 'बिफोर', 'सिन्स' आणि 'अन्टिल' यांचीही हीच गत. शब्द बघून थांबू नका, पुढे क्रियापद येतंय का ते बघा.

२. मेन क्लॉज म्हणजे वाक्यातला महत्त्वाचा भाग ना?

नाही, आणि निम्म्या चुकांचं मूळ याच समजुतीत आहे. 'आय थिंक युअर हाऊस इज ऑन फायर' हे वाक्य घ्या. ऐकणारा धावत सुटेल तो 'युअर हाऊस इज ऑन फायर' या तुकड्यामुळे. पण मेन क्लॉज आहे 'आय थिंक'. आग लागल्याची बातमी सबऑर्डिनेट क्लॉजमध्ये आहे.

मेन आणि सबऑर्डिनेट हा भेद रचनेवरून केलेला आहे, महत्त्वावरून नव्हे. वऱ्हाडाच्या बसमध्ये मान नवरदेवाचा असतो, पण स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातात असतं. आपल्याला ड्रायव्हर शोधायचा आहे. त्यामुळे 'लेखकाला काय सांगायचंय' हा प्रश्न धडा समजून घेताना विचारा, क्लॉज शोधताना बाजूला ठेवा.

३. लांबलचक वाक्य समोर आलं की काहीच सुचत नाही. सुरुवात कुठून करायची?

क्रियापदांपासून. एक वाक्य पूर्ण सोडवून बघू:

'द क्लार्क हू सिट्स ॲट द सेकंड विंडो टोल्ड अस दॅट द फॉर्म वुड बी ॲक्सेप्टेड इफ वी अटॅच्ड द फोटो बिफोर द ऑफिस क्लोज्ड.'

आधी काळ दाखवणाऱ्या क्रियापदांखाली रेघ ओढा: 'सिट्स', 'टोल्ड', 'वुड बी ॲक्सेप्टेड', 'अटॅच्ड', 'क्लोज्ड'. ही झाली ५. 'वुड बी ॲक्सेप्टेड' तीन शब्दांचं असलं तरी क्रियापद म्हणून एकच मोजायचं. क्रियापदं ५, म्हणजे क्लॉजही ५.

मग जोडणाऱ्या शब्दांना गोल करा: 'हू', 'दॅट', 'इफ', 'बिफोर'. हे ४ झाले. सरळ वाक्यात जोडशब्द क्रियापदांपेक्षा एकानं कमी असतात. तसे ते नसतील तर काहीतरी लपलेलं आहे (प्रश्न ११).

आता प्रत्येक जोडशब्दाला त्याचं क्रियापद द्या. 'हू' घेतो 'सिट्स', 'दॅट' घेतो 'वुड बी ॲक्सेप्टेड', 'इफ' घेतो 'अटॅच्ड', 'बिफोर' घेतो 'क्लोज्ड'. मागे कोण उरलं? 'टोल्ड'. ज्याला कोणताही जोडशब्द धरून नाही ते मेन क्लॉजचं क्रियापद. कोणी टोल्ड? 'द क्लार्क'. म्हणून मेन क्लॉज 'द क्लार्क टोल्ड अस'. 'हू' घेऊन आलेला क्लॉज मध्ये घुसल्यामुळे त्याचे दोन तुकडे झाले होते, इतकंच.

या वाक्यात आणखी एक गोष्ट दिसते. 'इफ वी अटॅच्ड द फोटो' हा क्लॉज थेट 'टोल्ड'ला जोडलेला नाही. क्लार्कनं सांगितलं ते फोटो लावला तर नव्हे. फॉर्म स्वीकारतील ते फोटो लावला तर. म्हणजे तो 'दॅट' क्लॉजच्या पोटात आहे, आणि 'बिफोर' क्लॉज त्याच्याही पोटात. 'सबऑर्डिनेट क्लॉजला आणखी सबऑर्डिनेट क्लॉज असू शकतो का' असं बरेच जण विचारतात, त्याचं उत्तर हे.

४. 'जो एकटा उभा राहू शकतो तो मेन क्लॉज' असं सरांनी सांगितलंय. ते चूक आहे का?

चूक नाही, पण सगळीकडे चालत नाही. 'वी स्टेड होम बिकॉज इट रेन्ड' इथे ते छान चालतं: 'वी स्टेड होम' एकटं उभं राहतं, 'बिकॉज इट रेन्ड' राहत नाही.

आता 'व्हॉट ही सेड इज ट्रू' घ्या. सबऑर्डिनेट क्लॉज 'व्हॉट ही सेड' काढला की उरतं नुसतं 'इज ट्रू'. ते एकटं कसं उभं राहणार? इथे सबऑर्डिनेट क्लॉजच मेन क्लॉजचा कर्ता झाला आहे, त्यामुळे तो काढला की मेन क्लॉज लंगडा पडतो. उलट बाजूनं 'आय नो ही इज ऑनेस्ट' बघा. 'ही इज ऑनेस्ट' एकटं दिमाखात उभं राहतं, तरी तो सबऑर्डिनेटच, कारण 'दॅट' गाळलेला आहे. तेव्हा सरांची कसोटी क्रियाविशेषणाचं काम करणाऱ्या क्लॉजसाठी ठेवा, बाकी ठिकाणी प्रश्न ३ मधली पद्धत वापरा.

५. 'टू गो', 'गोइंग', 'हॅविंग गॉन' ही क्रियापदं मोजायची का?

नाही. त्यांना काळ नाही, कर्त्याप्रमाणे ती बदलतही नाहीत. 'हॅविंग फिनिश्ड द वर्क, ही वेन्ट होम' यात मोजायचं क्रियापद 'वेन्ट' एकच, म्हणून शाळेच्या हिशेबात हे सिंपल सेन्टेन्स, म्हणजे एकाच क्लॉजचं वाक्य. 'व्हेन ही हॅड फिनिश्ड द वर्क, ही वेन्ट होम' केलं की क्रियापदं दोन झाली आणि वाक्य कॉम्प्लेक्स, म्हणजे मेन आणि सबऑर्डिनेट दोन्ही क्लॉज असलेलं झालं. सिंपलचं कॉम्प्लेक्स करा असं विचारतात तेव्हा करायचं असतं ते एवढंच.

'इज गोइंग'मध्ये काळ 'इज' दाखवतो, म्हणून ती जोडी एक क्रियापद धरायची. खरी गोची होते ती भूतकाळासारख्या दिसणाऱ्या रूपांची. 'द बुक बॉट यस्टर्डे वॉज टॉर्न' यात 'बॉट' मोजू नका. पुस्तक काही विकत घेत नाही, ते घेतलं गेलंय. क्रियापद फक्त 'वॉज', 'टॉर्न'सकट.

६. मेन क्लॉज नेहमी आधी येतो का? कॉमावरून कळतं का?

दोन्हीचं उत्तर नाही. 'इफ यू कॉल हिम, ही विल कम' आणि 'ही विल कम इफ यू कॉल हिम' यांत मेन क्लॉज तोच, 'ही विल कम'. सबऑर्डिनेट क्लॉज आधी आला तर त्याच्यापुढे सहसा कॉमा देतात, मागून आला तर बहुतेक वेळा देत नाहीत. कॉमा दिसला तर थोडी मदत होते, भरवसा ठेवू नये.

७. कोणते शब्द मेन क्लॉज जोडतात आणि कोणते सबऑर्डिनेट करतात? यादी मिळेल का?

बरोबरीचे क्लॉज जोडणारे सात आहेत: 'फॉर', 'अँड', 'नॉर', 'बट', 'ऑर', 'येट', 'सो'. इंग्रजी आद्याक्षरं जोडून 'फॅनबॉईज' म्हणून ते लक्षात ठेवतात. 'बिकॉज', 'इफ', 'अनलेस', 'ऑलदो', 'व्हेन', 'व्हाइल', 'सिन्स', 'दॅट', 'व्हेदर', 'हू', 'व्हिच' वगैरे बाकीचे सबऑर्डिनेट करणारे. ती यादी लांब आहे. सात पाठ करा, उरलेले आपोआप दुसऱ्या बाजूला जातात.

अर्थ सारखा म्हणून गट सारखा, असं मात्र नाही. 'बिकॉज' आणि 'फॉर' दोन्ही कारणच सांगतात, तरी 'बिकॉज' सबऑर्डिनेट करतो आणि 'फॉर' करत नाही. फिरवून बघा: 'बिकॉज इट वॉज लेट, वी लेफ्ट' चालतं, 'फॉर इट वॉज लेट, वी लेफ्ट' चालत नाही. तसंच 'सो' आणि 'सो दॅट'. 'ही वर्क्ड हार्ड, सो ही पास्ड' यात दोन मेन क्लॉज. 'ही वर्क्ड हार्ड सो दॅट ही माइट पास' यात एकच.

'हाऊएव्हर' आणि 'देअरफोर' कुठल्याच यादीत नाहीत. ती क्रियाविशेषणं आहेत, वाक्यं जोडत नाहीत. 'इट रेन्ड, देअरफोर वी स्टेड होम' असं नुसत्या कॉमावर लिहिणं चूक धरतात. तिथे सेमिकोलन किंवा फुलस्टॉप द्या.

८. 'ऑलदो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' हे चूक का? मराठीत तर 'जरी–तरी' दोन्ही लागतात.

मराठीत लागतात म्हणूनच ही चूक आपल्याकडे इतकी होते. जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा, जसं–तसं, जो–तो: मराठी जोडीनं बांधते, एक शब्द या वाक्याला, एक त्या वाक्याला. इंग्रजी खूण करते ती एकाच क्लॉजवर आणि दुसरा मोकळा सोडते. मोकळा राहतो तो मेन क्लॉज. 'ऑलदो' आणि 'बट' दोन्ही घातले की दोन्ही क्लॉज बांधले गेले, मेन क्लॉज उरलाच नाही. म्हणून दोघांतला एक ठेवा: 'ऑलदो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट' किंवा 'ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट'. पहिल्यात मेन क्लॉज एक, दुसऱ्यात दोन. 'ॲज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम' हेही याच पठडीतलं. त्यातला 'सो' काढा.

मग 'इफ'बरोबर 'देन' कसा चालतो? 'देन' क्रियाविशेषण आहे, तो क्लॉजला बांधत नाही. 'दो'बरोबर 'येट' जुन्या इंग्रजीत भेटतो. तिथे तो सातांच्या यादीतला जोडशब्द नसून क्रियाविशेषण असतो, म्हणून तोही खपून जातो. आज लिहिताना तो नसला तरी काही बिघडत नाही.

जो–तोची गंमत जरा वेगळी आहे. 'जो मुलगा पहिला आला तो माझा भाऊ' हे मनात धरून मुलं 'व्हिच बॉय केम फर्स्ट ही इज माय ब्रदर' लिहितात. मराठीत गौण वाक्य आधी उभं राहतं, मुख्य वाक्य त्याच्यामागून सलग येतं. इंग्रजी मात्र मेन क्लॉज मधोमध फोडून सबऑर्डिनेट क्लॉज त्याच्या आत बसवते: 'द बॉय हू केम फर्स्ट इज माय ब्रदर'. त्यामुळे मेन क्लॉज 'द बॉय इज माय ब्रदर' दोन टोकांना जातो, आणि मराठीच्या सवयीनं वाचणाऱ्याला 'केम फर्स्ट इज माय ब्रदर' असा भलताच तुकडा दिसतो. वाक्याच्या मध्यावर 'हू' किंवा 'व्हिच' दिसला की कर्ता मागे राहिलाय आणि त्याचं क्रियापद अजून यायचंय, एवढं धरून वाचा.

९. 'दॅट' आलं की नाउन क्लॉज, बरोबर?

नामाचं काम करतो तो नाउन क्लॉज, विशेषणाचं करतो तो ॲड्जेक्टिव्ह, क्रियाविशेषणाचं करतो तो ॲडव्हर्ब. आणि 'दॅट' फार उद्योगी आहे. 'ही सेड दॅट ही वॉज इल' मध्ये नाउन क्लॉज. 'द बुक दॅट आय बॉट' मध्ये ॲड्जेक्टिव्ह क्लॉज. 'ही वॉज सो टायर्ड दॅट ही फेल अस्लीप' मध्ये ॲडव्हर्ब क्लॉज. 'दॅट इज माय बुक' मध्ये तो काहीच जोडत नाही.

सगळ्यात जास्त विचारली जाते ती ही जोडी: 'द न्यूज दॅट ही हॅड रिझाइन्ड वॉज ट्रू' आणि 'द न्यूज दॅट ही ब्रॉट वॉज ट्रू'. दिसायला जुळी. 'दॅट'च्या जागी 'व्हिच' घालून बघा. 'द न्यूज व्हिच ही ब्रॉट' बरोबर बसतं, म्हणून ॲड्जेक्टिव्ह क्लॉज. 'द न्यूज व्हिच ही हॅड रिझाइन्ड' ला अर्थच नाही, म्हणून नाउन क्लॉज. बातमी काय होती ते तो सांगतो. आणखी एक खूण: 'ही ब्रॉट' अपुरं आहे, काय आणलं ते त्यात नाही, ते मागे 'न्यूज'मध्ये आहे. 'ही हॅड रिझाइन्ड' स्वतःपुरतं पूर्ण आहे.

१०. 'व्हेन' आणि 'इफ' असलेला क्लॉज कधी नाउन, कधी ॲडव्हर्ब असं का?

कारण प्रकार शब्दावरून ठरत नाही, कामावरून ठरतो. 'आय नो व्हेन ही केम' यात काय माहीत आहे? 'व्हेन ही केम'. कर्माचं काम, म्हणून नाउन. 'द डे व्हेन ही केम' यात तो 'डे'ची माहिती देतो, म्हणून ॲड्जेक्टिव्ह. 'व्हेन ही केम, आय वॉज आउट' यात वेळ सांगतो, म्हणून ॲडव्हर्ब.

हे फक्त मार्कांपुरतं नाही, लिहिताना काळ यावरच ठरतो. भविष्याबद्दल बोलताना वेळेच्या किंवा अटीच्या ॲडव्हर्ब क्लॉजमध्ये इंग्रजी सहसा 'विल' घेत नाही, नाउन क्लॉजमध्ये घेते. 'आय डोन्ट नो इफ ही विल कम' बरोबर, कारण इथे 'इफ' म्हणजे 'व्हेदर'. 'इफ ही विल कम, आय विल टेल हिम' चूक. तिथे 'इफ ही कम्स'. 'टेल मी व्हेन ही विल कम' म्हणजे तो कधी येणार ते आत्ता सांग. 'कॉल मी व्हेन ही कम्स' म्हणजे तो आला की फोन कर.

११. वाक्यात जोडशब्द दिसत नाही, पण क्रियापदं दोन आहेत. आता?

बहुतेक वेळा 'दॅट' किंवा 'हूम' गाळलेला असतो. 'द मॅन आय मेट इज अ डॉक्टर' मध्ये क्रियापदं 'मेट' आणि 'इज', जोडशब्द शून्य. 'मॅन' आणि 'आय' यांसारखी दोन नामं किंवा नाम-सर्वनाम लागोपाठ धडकली की त्यांच्यामध्ये गाळलेला शब्द शोधा. मेन क्लॉज 'द मॅन इज अ डॉक्टर'.

दुसरी तऱ्हा उलट्या क्रमाची. 'हॅड आय नोन, आय वुड हॅव कम' हे 'इफ आय हॅड नोन'चंच रूप. 'इफ' गेला आणि 'हॅड' त्याच्या जागी पुढे आला. 'शुड यू नीड हेल्प, कॉल मी' तसंच. प्रश्नचिन्ह नसताना सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी दिसलं तर संशय घ्या.

तिसरी, 'ही इज, आय थिंक, राइट'. कॉमांमध्ये ठेवलेला 'आय थिंक' इथे जाता जाता मारलेला शेरा आहे. मेन क्लॉज 'ही इज राइट'. प्रश्न २ मधल्या 'आय थिंक'शी ताडून बघा. शब्द तेच, जागा बदलली, काम बदललं.

१२. 'अँड' असलं की कंपाउंड सेन्टेन्स ना?

कंपाउंड म्हणजे दोन किंवा अधिक मेन क्लॉज असलेलं वाक्य. 'अँड' बरोबरीच्यांना जोडतो, पण ते बरोबरीचे मेन क्लॉजच असतील असं नाही. 'ही सेड दॅट ही वॉज टायर्ड अँड दॅट ही वॉन्टेड टू गो होम' यात 'अँड'नं दोन सबऑर्डिनेट क्लॉज जोडलेत. मेन क्लॉज एकच, 'ही सेड'. वाक्य कॉम्प्लेक्स.

'ही केम होम अँड ओपन्ड द विंडो' यात दुसरा 'ही' गाळलेला धरून शाळेत सहसा कंपाउंड म्हणतात. काही जण एकाच कर्त्याची दोन क्रियापदं धरून सिंपल म्हणतात. परीक्षेत कंपाउंड लिहा.

'वर्क हार्ड अँड यू विल पास' चा अर्थ अटीचा आहे, म्हणून मुलं पहिल्या तुकड्याला सबऑर्डिनेट ठरवतात. अर्थ काहीही असो, जोडलंय 'अँड'नं, दोन्ही मेन. 'इफ यू वर्क हार्ड' केलं तर सबऑर्डिनेट.

१३. आज्ञार्थी वाक्यात कर्ताच नसतो. मग मेन क्लॉज कुठला?

कर्ता 'यू' असतो, लिहीत नाहीत. 'सिट डाउन व्हेन द बेल रिंग्ज' मध्ये मेन क्लॉज 'सिट डाउन'.

१४. 'नो सूनर... दॅन' मध्ये मेन क्लॉज कोणता? दोन शिक्षकांनी दोन उत्तरं दिली.

'नो सूनर हॅड वी रीच्ड द स्टेशन दॅन द ट्रेन लेफ्ट.' जोडशब्द 'दॅन' आहे आणि त्यानं 'द ट्रेन लेफ्ट' धरलंय, म्हणून तो सबऑर्डिनेट. मेन क्लॉज 'नो सूनर हॅड वी रीच्ड द स्टेशन'. आता हेच 'ॲज सून ॲज वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट' असं करा: मेन क्लॉज 'द ट्रेन लेफ्ट' झाला! अर्थ जवळपास तोच, रचना पार उलटी. तुमच्या एका शिक्षकांनी बहुधा रूपांतरित वाक्य डोळ्यांसमोर ठेवून उत्तर दिलं असेल. विचारलेल्या वाक्याचंच विश्लेषण करा, त्याच्या भावंडाचं नको.

'हार्डली... व्हेन' याच चालीचं. 'आय वॉज अबाउट टू लॉक द डोअर व्हेन द फोन रँग' यातही सगळी गोष्ट 'व्हेन'च्या मागे आहे, तरी मेन क्लॉज पहिलाच.

१५. 'हू'च्या आधी कॉमा द्यायचा की नाही?

'माय ब्रदर हू लिव्ज इन नाशिक इज अ नर्स' असं लिहिलं तर तुम्हाला आणखी भाऊ आहेत आणि त्यांतला नाशिकचा कोणता ते सांगताय, असा अर्थ होतो. 'माय ब्रदर, हू लिव्ज इन नाशिक, इज अ नर्स' म्हणजे कोणता भाऊ ते आधीच ठरलंय, नाशिक ही जास्तीची माहिती. विशेषनामाच्या बाबतीत व्यक्ती ठरलेलीच असते, म्हणून कॉमा येतो: 'सावित्रीबाई फुले, हू टॉट गर्ल्स इन पुणे इन १८४८, वॉज बॉर्न इन नायगाव'. कॉमावाल्या क्लॉजमध्ये 'दॅट' वापरत नाहीत. मेन क्लॉज दोन्ही प्रकारांत तसाच राहतो.

'ही पास्ड, व्हिच सरप्राइज्ड एव्हरीवन' हे मात्र निराळं. 'व्हिच' इथे कुठल्या नामाकडे बोट दाखवत नाही. 'तो पास झाला' या सबंध घटनेकडे दाखवतो.

१६. 'शी इज टॉलर दॅन आय' मध्ये दुसरा क्लॉज आहे का?

पारंपरिक विश्लेषणात आहे: 'दॅन आय ॲम', त्यातला 'ॲम' गाळलाय. 'दॅन मी' म्हटलं तर मात्र क्लॉज उरत नाही. बोलताना 'दॅन मी' सर्रास चालतं. वाक्य-विश्लेषणाच्या प्रश्नात गाळलेलं क्रियापद भरून लिहा.

१७. 'द मोर यू रीड, द मोर यू लर्न' यात जोडशब्द कुठे आहे?

जोडीतला पहिला 'द मोर'च ते काम करतो. पहिला तुकडा सबऑर्डिनेट, दुसरा मेन. मराठीतल्या 'जितकं–तितकं'सारखीच ही जोडी, म्हणून आपल्याला ती परकी वाटत नाही.

१८. नव्या पुस्तकात 'हॅविंग फिनिश्ड द वर्क' लासुद्धा क्लॉज म्हटलंय. मग खरं कोणाचं?

व्याख्या वेगवेगळ्या आहेत. शाळेचं व्याकरण काळ दाखवणारं क्रियापद असेल तरच क्लॉज मानतं. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५ च्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात असे काळ नसलेले क्लॉजही धरले आहेत, आणि इंग्लंड-अमेरिकेतली बरीच पुस्तकं तसंच शिकवतात. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या व्याकरणात तर 'इफ' आणि 'बिकॉज' यांना शब्दयोगी शब्दांच्या गटात टाकलंय.

'आय थिंक ही इज राइट' मध्ये मेन क्लॉज कुठे संपतो, यावरही दोन मतं आहेत. शाळेत फक्त 'आय थिंक' लिहितात. आधुनिक व्याकरणात कर्मही मेन क्लॉजचाच भाग, म्हणून सगळं वाक्य हा मेन क्लॉज आणि 'ही इज राइट' त्याच्या आत. मला दुसरं जास्त पटतं. प्रश्न ४ मधल्या 'इज ट्रू'ची पंचाईत त्यात उभीच राहत नाही. पण राज्य मंडळाच्या कृतिपत्रिकेत किंवा एमपीएससीच्या पर्यायांत पहिलंच गृहीत असतं, तेव्हा तिथे 'आय थिंक' वर खूण करा.